प्राक्तनाआधी ताट

एकाच विषाने एक माणूस मरतो आणि त्याच्या शेजारचा वाचतो. अशा वेळी आपल्याकडे उत्तर हाताशी असतं. भोग. प्राक्तन. ज्याची त्याची वेळ. हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले, आणि माझ्या माणसांनी ते कधी वाईट हेतूने दिलं नाही. दुःखाने कोसळलेल्याला धरायला काहीतरी मिळावं म्हणूनच ते दिलं जातं. तरीही वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवल्यावर माझं ठाम मत झालं आहे की हे उत्तर आपण फार लवकर देतो. त्याच्या आधी विचारायचा एक प्रश्न राहूनच जातो. काल, परवा, गेल्या महिन्यात या माणसाच्या ताटात काय होतं?

हा प्रश्न मला एका ऊसतोड मजुराच्या बायकोमुळे पडला. मराठवाड्यातून टोळीबरोबर सोलापूर जिल्ह्यात आलेलं ते जोडपं. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे ताप आला तरी कोयता खाली ठेवायची सोय नव्हती. नवऱ्याने दुकानातून तापाच्या गोळ्या आणल्या. अंग तापलं की दोन, उतरलं नाही की आणखी दोन, असं काही दिवस चाललं. जेवण जात नव्हतं. संध्याकाळी अंगदुखीवर दारू. मग डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या, आणि इस्पितळात आणेपर्यंत तो भ्रमात बोलू लागला होता. त्याच्या रक्ताची तपासणी आमच्या प्रयोगशाळेत झाली. यकृतातली जी विकरं निरोगी माणसाच्या रक्तात लिटरमागे चाळीस-पन्नास युनिटच्या आसपास असतात, ती हजारांच्या घरात गेली होती. तो वाचला नाही. व्हरांड्यात त्याची बायको मला म्हणाली, "मॅडम, टोळीतल्या समद्यांनी ह्याच गोळ्या खाल्ल्या. माझ्याच धन्याला का बाधल्या? त्यानं कुणाचं काय वाईट केलं होतं?" शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "भोग असत्यात पोरी, ते भोगूनच फिटत्यात."

तिच्या प्रश्नाचा एक भाग माझ्या विषयातला होता, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं.

त्या गोळीतलं पॅरासिटामॉल मुळात विष नाही. ठरलेल्या मात्रेत ते साधं आणि उपयोगी औषध आहे. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा साधारण चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. यकृत या औषधाचा बहुतेक भाग ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट यांच्याशी जोडून मूत्रावाटे बाहेर घालवतं. थोडा भाग मात्र यकृताच्याच विकरांमुळे एका अस्थिर, जहाल रेणूत बदलतो. म्हणजे शरीरात जे विष तयार होतं ते दुकानातून येत नाही, ते यकृत स्वतःच्या हाताने घडवतं. आणि त्यावरचा उताराही तिथेच असतो. ग्लुटाथायोन नावाचा छोटा रेणू त्या जहाल रेणूला जाऊन चिकटतो, त्याचा दंश काढतो आणि त्याच्यासकट शरीराबाहेर पडतो.

हे ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांचं बनलेलं असतं: ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन आणि ग्लायसिन. केंब्रिजच्या फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये ते वेगळं काढून त्याला नाव दिलं. या तिघांतलं सिस्टीन सहसा कमी पडतं. त्यात गंधक असतं, आणि विषाला धरून ठेवणारी पकड त्या गंधकाचीच. सिस्टीन आपण थेट अन्नातून घेतो किंवा मेथिओनीन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून यकृतात तयार करतो. मेथिओनीन मात्र माणसाच्या शरीराला शून्यातून बनवता येत नाही. ते ज्वारीतून, डाळीतून, दुधातून, अंड्यातून, मांसमासळीतून यावं लागतं. मघाचं सल्फेटही याच गंधकापासून होतं. ताट रिकामं राहिलं की दोन्ही वाटा एकदम अरुंद होतात.

यकृतातला हा साठा धान्याच्या कोठारासारखा असतो. रोज थोडं निघतं, रोज थोडं भरलं जातं. उंदरांना एक-दोन दिवस उपाशी ठेवलं तर यकृतातलं ग्लुटाथायोन जवळजवळ निम्म्यावर येतं. आणि साठा नेहमीच्या तीस टक्क्यांच्या खाली घसरला की तो जहाल रेणू मोकाट सुटून यकृताच्या पेशींनाच चिकटू लागतो, हे १९७३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. रोजची दारू त्या विषाचं उत्पादन वाढवते आणि साठाही उतरवते. त्या मजुराच्या टोळीतल्या बाकीच्यांनी गोळ्या खाल्ल्या त्या भरल्या पोटी, किंवा थोड्या खाल्ल्या. त्याने खाल्ल्या त्या उपाशी पोटी, तापात, दारूवर आणि पुन्हा पुन्हा.

तो लवकर आला असता तर त्याला जे औषध मिळालं असतं त्याचं नाव एन-ॲसिटिलसिस्टीन. सिस्टीनलाच एक छोटा रासायनिक जोड दिला की ते तयार होतं. १९७०च्या दशकात एडिंबरोमध्ये लॉरी प्रेस्कॉट यांनी ते शिरेतून द्यायला सुरुवात केली. एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्यावर आठ तासांच्या आत दिलं तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. या उपचाराचा अर्थ मला फार खोल वाटतो. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला वैद्यक जे देतं, तो अन्नाचाच एक अंश आहे.

ही गोष्ट पॅरासिटामॉलपुरती नाही. १८४२ मध्ये जर्मनीत व्होलर यांच्या प्रयोगशाळेतल्या केलर या विद्यार्थ्याने स्वतः बेंझोइक आम्ल घेतलं आणि आपल्या मूत्रात हिप्युरिक आम्ल सापडल्याचं दाखवलं. आत गेलेल्या परक्या पदार्थाला शरीराने ग्लायसिन जोडून बाहेर काढलं होतं. १८७९ मध्ये कुत्र्यांना ब्रोमोबेंझिन दिलं तेव्हा त्यांच्या मूत्रात गंधक असलेलं नवं संयुग आलं, आणि त्यातलं गंधक सिस्टीनचं होतं. पण माझ्या मनात घर केलं ते रॉचेस्टरच्या जॉर्ज व्हिपल यांच्या कामाने. हे व्हिपल म्हणजे पंडुरोगावरच्या कामासाठी १९३४चं नोबेल मिळालेले. १९४०च्या सुमारास त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही कुत्र्यांच्या आहारातली प्रथिनं दीर्घकाळ तोडली आणि मग त्यांना क्लोरोफॉर्मची भूल दिली. नीट खाल्लेला कुत्रा सहज सोसेल अशी १५-२० मिनिटांची भूल या कुत्र्यांचा जीव घ्यायला पुरली. त्यांची यकृतं सडली. भूल देण्याआधी मेथिओनीन दिलेली कुत्री मात्र तरली. पुढे असंही दिसलं की भुलीनंतर तीन-चार तासांत मेथिओनीन दिलं तरी यकृत वाचतं, त्याहून उशीर झाला की वाचत नाही. त्या मुक्या जिवांनी प्राण देऊन आपल्याला शिकवलेली ही गोष्ट आहे. ती वाया घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही.

आता कर्माकडे येते. कर्मसिद्धांत मी हसण्यावारी नेत नाही. कृतीला फळ असतं आणि ते टळत नाही, या विश्वासाने माझ्या आईने तिचं सगळं आयुष्य सरळ ठेवलं. पण हा सिद्धांत माणसाला स्वतःच्या कृतीविषयी जागं करण्यासाठी आहे की दुसऱ्याच्या दुःखाविषयी झोपवण्यासाठी? टिळकांनी १९१५च्या गीतारहस्यात कर्मविपाकाबरोबर आत्मस्वातंत्र्य एकाच प्रकरणात घेतलं आहे. फळ अटळ असेल तर माणूस मोकळा कसा, हा पेच त्यांनी टाळला नाही, आणि प्रयत्नाची बाजूही सोडली नाही. मला त्यातून एवढं उमगलं की कर्माचा विचार आरशासारखा स्वतःकडे धरायचा असतो. तो शेजाऱ्याकडे वळवला की त्याचा न्यायनिवाडा होतो, आणि त्या निवाड्यात गरीब नेहमीच दोषी ठरतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ११७वं सूक्त दानाचं आहे. त्याचा ऋषी भूक ही देवांनी नेमलेली मृत्यूची शिक्षा मानत नाही. पोटभर जेवलेल्यालाही मरण येतंच, याची तो आठवण देतो, आणि पुढे एकट्याने खाणारा पापाचाही एकटाच धनी होतो असं बजावतो. मला या सूक्तातला धीटपणा मोलाचा वाटतो. भुकेचं खापर त्यात भुकेल्याच्या गतजन्मावर फुटत नाही. दोष भरल्या कोठाराच्या मालकाकडे जातो. प्रयोगशाळेत मी जे पाहिलं ते याच्याशी जुळतं. व्हिपल यांच्या कुत्र्यांनी कोणतं पाप केलं होतं? त्यांच्या ताटातून एक गोष्ट काढून घेतली गेली होती, आणि काढणारा हात माणसाचा होता.

१९७४च्या हिवाळ्याच्या तोंडावर गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत जे झालं ते मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगायची. अवेळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी धरली. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताचं विष तयार झालं. तिथल्या आदिवासी घरांत मका हेच मुख्य अन्न होतं. ताप, कावीळ, पोटात पाणी अशा लक्षणांनी सुमारे ४०० माणसं आजारी पडली आणि त्यांतली शंभरावर दगावली. त्या घरांतली उरलंसुरलं खाणारी कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा छडा लावला. बुरसटलेला मका टाकून दुसरं धान्य आणण्याची ऐपत ज्याच्याकडे नव्हती, त्याच्याच घरात विष शिजलं. आणि ज्याच्या घरात मक्याशिवाय दुसरं काही नव्हतं, त्याच्या यकृताकडे विषाशी झुंजायला लागणारी सामग्रीही तोकडीच असणार. विष आणि उणीव, दोन्ही एकाच ताटातून आली. याला पूर्वजन्माचा भोग म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मग उपवासाचं काय, असा प्रश्न मला घरातूनच आला. आई मंगळवेढ्याची. एकादशीचा उपवास तिने मरेपर्यंत सोडला नाही. साबुदाण्यात प्रथिनं नावापुरतीच, पण आमच्याकडे भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी असायची, आणि शेंगदाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिनं असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बारस सोडायची तर ताटात वरण, भाजी, भाकरी, दूध सगळं हवंच. परंपरेने उपवासाला शेवट लावून दिला आहे, हे मी रसायनशास्त्र शिकल्यावर नव्याने पाहिलं. एक दिवस रिता गेलेला साठा दुसऱ्या दिवशी भरून निघेल अशी व्यवस्था त्या व्रतातच आहे. निरोगी माणसाला अशा उपवासाने काही होत नाही. त्या दिवशी अंगात ताप आणि हातात गोळ्या असतील तर मात्र उपवास मोडावा आणि गोळ्याही मोजून घ्याव्या, हे मी आईला सांगितलं होतं आणि तिने ते ऐकलंही होतं.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असं म्हटलं आहे. सतराव्यात शरीर सुकवणाऱ्या घोर तपाला आसुरी ठरवलं आहे. सिद्धार्थ गौतमाने उरुवेलेजवळ देह झिजवून पाहिला आणि मग सुजातेच्या हातची खीर घेतली. बरोबरचे पाच तपस्वी त्याला भ्रष्ट समजून सोडून गेले, पण बोधी मिळाली ती अन्न घेतल्यावर. तपाला अर्थ येतो तो परतायला ताट असतं म्हणून. ऊसतोडीच्या खोपीतल्या उपाशी माणसाने काही त्यागलेलं नसतं. त्याच्या भुकेला वैराग्याचं नाव देणं म्हणजे ज्यांनी खरंच व्रत केलं त्यांचाही अपमान आहे.

इथे मला एक कठीण गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं अर्धवट राहील. प्रथिनं म्हणजे ताईत नव्हे. हैदराबादच्याच संस्थेत माधवन आणि गोपालन यांनी १९६०च्या दशकात उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिलं. कमी प्रथिनांवर ठेवलेल्या उंदरांच्या यकृताला तातडीची इजा जास्त झाली. पण १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ प्रयोगात उलटं दिसलं. भरपूर प्रथिनं खाल्लेल्या उंदरांत यकृताच्या गाठी झाल्या, पाच टक्के प्रथिनांवरच्या उंदरांत झाल्या नाहीत. कारण यकृताची जी विकरं विषाचा निचरा करतात, तीच काही विषांना अधिक जहाल रूप देतात, आणि तीही प्रथिनांवरच पोसली जातात. कार्बन टेट्राक्लोराइडच्या बाबतीतही प्रथिनं तोडलेले उंदीर अधिक टिकतात. उंदराच्या औषधातल्या पिवळ्या फॉस्फरसपुढे तर कितीही चांगलं जेवलेलं यकृत हात टेकू शकतं.

यातून मी काय समजायचं? देह हा काही पुण्याच्या बदल्यात सुरक्षितता देणारा व्यवहार नाही. जे तारतं तेच कधी मारतं. सूक्तातल्या ऋषीने म्हटल्याप्रमाणे जेवलेल्यालाही मरण येतं. म्हणूनच ताटाने सगळं प्राक्तन समजावता येतं असा माझा दावा नाही. माणसामाणसाची विकरं जन्मतः वेगळी असतात, योगायोग असतात, आणि त्यांच्या पलीकडेही काही असेल. माझा आग्रह एवढाच की उणीव जिथे स्पष्ट दिसते तिथे गूढाचा आसरा घेऊ नये. श्रद्धेचं खरं काम न समजलेल्याचा भार सोसायला बळ देण्याचं आहे. समजलेलं झाकायला तिचा वापर झाला की ती श्रद्धाच दुबळी होते.

तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगुवल्लीचा क्रम मला या संदर्भात पुन्हा पुन्हा विचारात पाडतो. वरुणाचा मुलगा भृगू ब्रह्म म्हणजे काय ते शोधतो. तपातून त्याला पहिलं उत्तर मिळतं ते अन्न. बाप त्याला पुन्हा तपाला पाठवतो. मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. आपण या पायऱ्या चढताना अन्न खाली राहिलं असं समजतो. पण उपनिषद आनंदापाशी थांबत नाही. तिथून ते थेट अन्नाकडे परत येतं. अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ पिकवावं, आसऱ्याला आलेल्याला परत पाठवू नये, ही व्रतं ते सर्वोच्च ज्ञानानंतर सांगतं. जीवरसायनाच्या माणसाला याचं नवल वाटत नाही. आपल्या देहातला ग्लुटाथायोनचा प्रत्येक रेणू दुसऱ्या कुणाकडून आलेल्या द्रव्याचा आहे. ज्वारीने मातीतलं गंधक उचललं, कुणीतरी ती काढली, कुणीतरी दळली, कुणीतरी थापली. विषाला बांधून तो रेणू जातो तो परत येत नाही. माणूस आपल्या बळावर जगतो हा भ्रम यकृताच्या एकाच पेशीत डोकावलं तरी फिटतो.

मंगळवेढ्याला दामाजीपंतांचं मंदिर आहे. दुष्काळात त्यांनी बिदरच्या सुलतानाची सरकारी कोठारं लोकांना मोकळी केली, आणि त्या धान्याचा मोबदला भरायला पांडुरंग विठू महाराच्या रूपात दरबारात गेला, ही कथा आम्ही आजोळी ऐकत मोठ्या झालो. आज त्या कथेतली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दारात आलेल्या भुकेल्यांना दामाजीपंतांनी त्यांच्या गतजन्माविषयी काही विचारलं नाही. त्यांनी किल्ल्या काढल्या. आणि देवाने बाजू घेतली ती किल्ल्या काढणाऱ्याची.

हे अन्नदान महागडं असायला लागत नाही. आषाढीच्या वाटेवर दिंडीला पिठलं-भाकरी वाढतात. ज्वारीत लायसिन कमी असतं ते हरभऱ्याच्या पिठात भरपूर आहे, आणि हरभऱ्यात गंधकाची अमिनो आम्लं कमी ती ज्वारी भरून काढते. हा मेळ आमच्या आज्यांनी रसायनशास्त्राशिवाय बसवला. हेच ताट ऊसतोडीच्या खोप्यांपर्यंत, वीटभट्टीपर्यंत, आदिवासी पाड्यांपर्यंत रोज पोचलं पाहिजे, नुसतं आषाढीत नाही. अन्नछत्र चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे की भाताबरोबर डाळ घट्ट वाढा, शेंगदाणे पारखून घ्या, बुरशीचा वास आला तर टाकून द्या. गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराने दिवसाला किती आणि उपाशी पोटी किती धोका, एवढी दोन वाक्यं बोलली तर तेही अन्नदानाच्या तोडीचं पुण्य आहे.

प्रारब्ध मी नाकारत नाही. ताट भरून दिलं, औषधाची मात्रा समजावली, आजारी माणसाला वेळेत इस्पितळात पोचवलं, आणि एवढं करूनही तो गेला, तर हात जोडून प्रारब्ध म्हणावं. त्याआधी तो शब्द उच्चारणं म्हणजे जिवंतांनी न केलेल्या कर्माचा हिशेब मेलेल्याच्या नावावर मांडणं आहे.